साच्याविना सुटा भाग

पेणहून नागोठणेमार्गे रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर तऱ्हेतऱ्हेची वाहने धावत असतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायने नेणारे टँकर, डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे वळणारे अवजड ट्रक, एस.टी.च्या गाड्या, सहा आसनी मिनिडोर, भाजी आणि मासळी वाहणारे टेम्पो. यांतले एखादे वाहन बंद पडते तेव्हा बिघाड पुष्कळदा अगदी लहान असतो. थर्मोस्टॅटचे झाकण तडकलेले असते, पाण्याच्या पंपाचे कवच गळत असते, नाहीतर क्लचचा फोर्क झिजलेला असतो. इंजिन चांगले, चाके चांगली, पण तेवढा एक भाग मिळत नाही म्हणून सगळे वाहन उभे.

गाडी नवी असेल तर तो भाग गावातल्या दुकानात, नाहीतर पनवेलला मिळतो. गाडी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असेल तर दुकानदार मान हलवतो आणि सांगतो, "कंपनीने बंद केला." मग भंगाराची दुकाने धुंडाळायची, दुसऱ्या गाडीचा भाग घासूनपुसून बसवायचा, किंवा वेल्डिंग करून तात्पुरते भागवायचे. तोवर मालकाची रोजची कमाई थांबलेली असते.

या अडचणीवर अलीकडे एक नवे उत्तर ऐकू येते: धातूची थ्री-डी छपाई. संगणकात भागाचा आराखडा भरायचा आणि यंत्रातून धातूचा तयार भाग बाहेर काढायचा. विद्यार्थी याच्या फिती मोबाइलवर पाहतात आणि वर्गात विचारतात, "मग आता स्पेअर पार्टच्या दुकानांची गरजच काय?" हे तंत्र कोणत्या भागासाठी उपयोगी आहे आणि कोणत्या भागासाठी नाही, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. त्याची सुरुवात पेणच्याच एका ओळखीच्या धंद्यापासून करता येते.

साच्याचे गणित

पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तेथून दरवर्षी लाखो मूर्ती बाहेर जातात. एवढ्या मूर्ती प्रत्येक वेळी मातीच्या गोळ्यापासून हाताने घडवणे शक्य नाही. म्हणून कसबी कारागीर आधी एक मूळ मूर्ती घडवतो. तिला बरेच दिवस लागतात. मग तिच्यावरून साचा काढतात, आणि त्या साच्यातून एकामागून एक मूर्ती निघत राहतात. मूळ मूर्तीचे श्रम आणि साच्याचा खर्च हजार मूर्तींमध्ये वाटला गेला की एका मूर्तीच्या वाट्याला फारच थोडा येतो. पण कोणी येऊन म्हणाले की, "मला या खास रूपाची एकच मूर्ती हवी," तर तिच्यासाठी साचा काढणे परवडत नाही. ती हातानेच घडवावी लागते.

मोटारीच्या भागांचेही असेच आहे. ॲल्युमिनियमचे झाकण तयार करायचे तर कठीण पोलादाचा साचा, म्हणजे डाय, लागते. डाय बनवायला महिने लागतात आणि लाखो रुपये लागतात. ती एकदा झाली की मिनिटा-दोन मिनिटांत एक झाकण पडते.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे आम्ही केवळ हिशेबासाठी मानले आहेत. समजा, डायचा खर्च ४,००,००० रुपये आहे आणि तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक झाकणाला २०० रुपये लागतात. तेच झाकण छापून घ्यायचे तर डाय लागत नाही, मात्र प्रत्येक नगाला १२,००० रुपये पडतात. हजार झाकणे हवी असतील तर डायची पद्धत नगाला ६०० रुपयांत काम करते. छपाई तिच्यापुढे वीसपट महाग. पण दहाच झाकणे हवी असतील तर डायच्या पद्धतीने एक झाकण ४०,२०० रुपयांना पडते आणि छपाई निम्म्याहून स्वस्त ठरते. दोन्ही खर्च कुठे सारखे होतात? ४,००,००० ला ११,८०० ने भागा. उत्तर ३४ च्या किंचित खाली येते. म्हणजे ३३ नगांपर्यंत छपाई स्वस्त आणि ३४ पासून डाय स्वस्त.

आता "कंपनीने बंद केला" याचा अर्थ लागतो. गाडीचे उत्पादन थांबले की तिच्या सुट्या भागांची मागणी वर्षागणिक घटते. डाय सांभाळून ठेवायला जागा लागते, ती गंजते, झिजते. पन्नास झाकणांसाठी ती यंत्रावर चढवायची आणि उतरवायची हे कारखान्याला परवडत नाही. रस्त्यावरच्या गाड्या मात्र उत्पादनाबरोबर थांबत नाहीत. मुंबईच्या कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या अगदी सुरुवातीला बंद झाले. तरी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी, वीस वर्षांची वयोमर्यादा संपेपर्यंत, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईत धावू शकली. कारखान्याने हात काढून घेतल्यावरची ही दोन दशके सुट्या भागांच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची. छपाईचे खरे काम याच काळात आहे.

वजाबाकी, ओतकाम आणि बेरीज

धातूला आकार देण्याच्या बहुतेक रीती आपल्याला ठाऊक आहेत. लेथवर आपण गज फिरवतो आणि नको तो भाग कापून टाकतो. ही वजाबाकीची रीत. ओतकामात वितळलेला धातू साच्यात भरतो. ठोकून घडवण्याच्या रीतीत लोहाराचा घण किंवा कारखान्यातला प्रेस तापलेल्या धातूला दाबून आकार देतो. छपाईची रीत बेरजेची आहे. जेथे धातू हवा तेथेच तो थोडाथोडा घालत जायचे.

ही कल्पना आपल्या गॅरेजला अगदी परकी नाही. शाफ्ट झिजला की मेकॅनिक तो वेल्डरकडे "भरायला" पाठवतो. वेल्डर झिजलेल्या जागी वितळलेल्या धातूचे थर चढवतो आणि मग टर्नर लेथवर तो मापात आणतो. आधी बेरीज आणि मग थोडी वजाबाकी. हेच काम संगणकाच्या हुकमाखाली, थरामागून थर, पूर्ण वस्तू तयार होईपर्यंत करत राहिले तर ती धातूची छपाईच झाली. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. के. पी. करुणाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके असे यंत्र विकसित केले. संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर त्यांनी वेल्डिंगची टॉर्च बसवली. टॉर्च थर चढवते आणि त्याच यंत्रातले हत्यार तो थर सपाट करते. यासंबंधीचे त्यांचे संशोधन २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

बारीक आणि गुंतागुंतीच्या भागांसाठी मात्र दुसरी रीत अधिक वापरली जाते. तिच्यात तारेऐवजी धातूची भुकटी आणि वेल्डिंगच्या ठिणगीऐवजी लेझर किरण असतो. थर चढवून वस्तू करण्याच्या आपल्या रीतीचे एकस्व अमेरिकेत चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळाले. त्यांचे यंत्र प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवावर चालत होते. त्याच दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने भुकटी लेझरने जोडण्याची कल्पना पुढे आणली. धातूची भुकटी पूर्ण वितळवून भरीव वस्तू करण्याचे काम १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतील आखेन येथे झाले.

भुकटीपासून पार्ट

या यंत्रात एक बंद पेटी असते आणि पेटीच्या तळाशी धातूची जाड ताटली. ताटलीवर भुकटीचा पातळ थर पसरला जातो. थराची जाडी साधारण ३० ते ६० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे एक थर केसाहूनही पातळ. भुकटीचे कण बहुधा १५ ते ४५ मायक्रॉनचे आणि शक्य तितके गोल असावे लागतात. रांगोळी चिमटीतून सहज सुटते, पण ओलसर पीठ अडकते. भुकटीही तशी सहज वाहिली नाही तर थर एकसारखा पसरत नाही.

संगणकाने पार्टच्या आराखड्याचे आडवे काप आधीच केलेले असतात. पहिल्या कापात जेथे धातू हवा तेवढ्याच जागेवरून लेझर फिरतो आणि तेथली भुकटी वितळून एकजीव होते. मग ताटली एका थराएवढी खाली सरकते, वर नवी भुकटी पसरते आणि दुसरा काप काढला जातो. न वितळलेली भुकटी सैलच राहते. ती शेवटी झटकून, चाळून पुन्हा वापरता येते.

लेझरची शक्ती ४०० वॅट म्हटली तर ती घरातल्या मिक्सरएवढीही भरत नाही. मग त्याने धातू कसा वितळतो? कारण ही शक्ती ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात एकवटलेली असते. त्या ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.००७८५ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर चौरस मिलिमीटरला सुमारे ५१,००० वॅट येतात. भर दुपारच्या उन्हात चौरस मिलिमीटरवर सुमारे ०.००१ वॅट पडतात. म्हणजे हा किरण उन्हाच्या पाच कोटी पट तीव्र आहे. भिंगाने कागद जाळणाऱ्या मुलांना हे तत्त्व लगेच कळते.

पेटीत हवा ठेवत नाहीत. तापलेला धातू ऑक्सिजनशी संयोग पावून बिघडतो. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून पेटीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात. ज्वालाग्राही द्रावकांच्या टाक्यांवर नायट्रोजन का सोडतात हे रासायनिक कारखान्यात काम करणारे लोक जाणतात. धाटावच्या शेजारी असलेल्या रोह्याच्या शाळेत हे सांगायला उदाहरण लांबून आणावे लागणार नाही.

आता वेळेचा हिशेब करू. समजा झाकण ६० मिलिमीटर उंच आहे आणि थर ३० मायक्रॉनचा. थर झाले २,०००. एक थर पसरायला १० सेकंद धरले तर नुसती भुकटी पसरण्यातच साडेपाच तास जातात. लेझरची रेघ ०.१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला एक मीटर धरला तर सेकंदाला ३ घन मिलिमीटर धातू वितळतो. झाकणाचे घनफळ ५४ घन सेंटिमीटर असेल तर त्यासाठी आणखी पाच तास. एकूण साडेदहा तासांत तयार झाला फक्त १४४ ग्रॅम ॲल्युमिनियमचा तुकडा! ताटलीवर एकदम दहा झाकणे मांडली तर भुकटी पसरण्याचा वेळ दहांत वाटला जातो आणि नगामागे साडेपाच तास पडतात. म्हणून छपाई करणारे लोक नेहमी ताटली भरून काम करू पाहतात.

पेण तालुक्यातल्याच डोलवीच्या कारखान्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादाची आहे. तेथे धातू टनांवर मोजतात आणि छपाईत तो ग्रॅमवर. दोन्ही उद्योग धातूचेच, पण एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

खरोखर छापलेले भाग

सुट्या भागांसाठी हे तंत्र वापरल्याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. २०१७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या ट्रक विभागाने धातूचा आपला पहिला छापील सुटा भाग पुरवायला सुरुवात केली. तो होता थर्मोस्टॅटचे झाकण. ज्या ट्रकांसाठी आणि युनिमॉग गाड्यांसाठी तो होता त्यांचे उत्पादन थांबून सुमारे पंधरा वर्षे झाली होती. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूची भुकटी लेझरने वितळवून ते झाकण केले होते.

दुसरे उदाहरण पोर्शे ९५९ या मोटारीचे. १९८० च्या दशकातल्या या मोटारीच्या जेमतेम २९२ गाड्या निघाल्या. तिचा क्लच सोडवणारा दांडा मुळात बिडाचा होता. नवे दांडे मिळेनात, आणि मोजक्या नगांसाठी ओतकामाची सगळी तयारी पुन्हा करणे परवडणारे नव्हते. म्हणून कंपनीने तो हत्यारी पोलादाच्या भुकटीपासून छापला आणि २०१८ मध्ये जाहीर केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची. छापलेला दांडा लगेच गाडीत बसवला नाही. आधी त्याच्यावर तीन टनांचा भार देऊन पाहिला, मग आतल्या दोषांसाठी क्ष-किरणांनी त्याचे आरपार चित्रण केले, आणि त्यानंतर तो गाडीत बसवून चालवून पाहिला.

भारतातही ही विद्या आता रुजली आहे. मोटारींच्या बाहेरचे, पण बोलके उदाहरण इस्रोचे आहे. पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याच्या छापील इंजिनाची चाचणी ९ मे २०२४ रोजी झाली आणि ते ६६५ सेकंद चालले. पूर्वी चौदा भाग एकोणीस ठिकाणी वेल्ड करून जे होत असे ते आता एकाच तुकड्यात झाले. आधीच्या रीतीत ५६५ किलो धातू लागत असे, छपाईला १३.७ किलो भुकटी पुरली. हे इंजिन बंगळुरूच्या एका खासगी कंपनीने छापले. त्याच साली आपल्या देशातल्या आणखी एका कंपनीचा छापील इंजिनाचा अग्निबाणही उडाला. तेव्हा यंत्रे आहेत आणि ती चालवणारी माणसेही आहेत. असे यंत्र कोटीच्या घरात जात असल्याने ते पेणच्या गॅरेजमध्ये येईल असे मात्र समजू नये. आराखडा तारेवरून जाईल, भाग पुण्यात किंवा बंगळुरूला छापला जाईल आणि कुरियरने येईल, हे जास्त संभवते.

दिसायला तसाच, पण...

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. झिजलेला भाग मोजून तंतोतंत तसाच छापला तर काय होईल? त्याची झीजही छापली जाईल! मूळ भाग ५० मिलिमीटरचा होता आणि झिजून ४९.६ झाला, तर नक्कलही ४९.६ चीच होणार. म्हणून ज्याला भाग मोजायचा आहे त्याला तो कशावर घासतो, कशात बसतो, कोठे झिजला हे कळले पाहिजे. येथे अनुभवी फिटरचे डोळे लागतात. मोजणारे यंत्र केवळ समोर आहे तेवढेच सांगते.

दुसरा प्रश्न आतल्या धातूचा. भुकटी नीट वितळली नाही, किंवा लेझर फार जोराने पडून वितळलेल्या धातूत वायू अडकला, तर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. बाहेरून काही दिसत नाही. पण भाग हजारो वेळा दाबला आणि सोडला गेला की अशाच पोकळीपासून तडा सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. एके दिवशी भाग अचानक तुटतो. धातूच्या या थकव्याने होणारी मोडतोड आधी सूचना देत नाही.

तिसरा प्रश्न ताणाचा. वितळलेला ठिपका सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो. वरचा थर आकसू पाहतो आणि खालचा थर त्याला अडवतो. पापड एका बाजूने भाजला की वळतो, तसा पार्टही वळू पाहतो. म्हणून तो ताटलीला आधारकाड्यांनी घट्ट धरून ठेवतात आणि छपाई झाल्यावर भट्टीत तापवून ताण उतरवतात. मगच तो ताटलीवरून कापून काढतात. फार महत्त्वाच्या भागांना तापवताना चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब देतात. त्यामुळे आतल्या पोकळ्या मिटतात.

याशिवाय छापील पृष्ठभाग खरखरीत असतो. गॅस्केट बसण्याची बाजू मिलिंग करून सपाट करावी लागते, आटे पाडावे लागतात. म्हणजे टर्नर आणि फिटर यांचे काम संपत नाही.

हे सगळे ध्यानात घेऊन आम्हाला सुट्या भागांचे तीन गट करावेसे वाटतात. पहिल्या गटात दरवाजाची मूठ, आरशाचा आधार, कंस असे भाग येतात. ते तुटले तर गैरसोय होते, कोणाचा जीव जात नाही. दुसऱ्या गटात झाकणे, पंपाची कवचे, पाण्याच्या नळ्यांचे जोड. ते निकामी झाले तर इंजिन तापते, गाडी थांबते, नुकसान होते. दाब देऊन आणि गरम पाणी सोडून त्यांची चाचणी केलीच पाहिजे. तिसऱ्या गटात ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांना धरणारे भाग. येथे चूक झाली तर मिनिडोरमध्ये बसलेले सहा जण आणि समोरून येणारे दुचाकीवाले यांच्या जिवाशी गाठ आहे. हे भाग मान्यताप्राप्त चाचणीशिवाय कोणीही छापून बसवू नयेत. वाहने आणि त्यांचे भाग तपासण्यासाठी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून काम करते आहे. चाचणीचा खर्च एका नगावर टाकला तर तो छपाईहून जड होतो. म्हणून तिसऱ्या गटातला भाग एकट्या मालकाने छापून घेण्याचा विषयच नव्हे. ते काम कंपनीने किंवा मोठ्या संस्थेने पुष्कळ गाड्यांसाठी मिळून करावे लागते. गाडी उभी असलेल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते, कारण हातात आलेला छापील भाग मूळ भागासारखाच दिसतो. पण ही गोष्ट सांगितलीच पाहिजे.

मधली वाट

धातू छापायचा की डाय करायची, एवढेच दोन पर्याय नाहीत. मधली एक वाट आहे आणि ती आपल्याकडे जास्त सोयीची ठरू शकते. गणपतीच्या कारखान्यात साचा ज्या मूळ मूर्तीवरून काढतात तिची येथे आठवण करावी. ओतकामातही असा मूळ नमुना लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात आणि तो पूर्वीपासून लाकडाचा करतात. हा पॅटर्न कुशल सुताराकडून घडवून घेण्याऐवजी प्लॅस्टिकच्या किंवा मेणाच्या थ्री-डी यंत्रावर छापता येतो. ही यंत्रे धातूच्या यंत्रांहून कितीतरी स्वस्त आहेत. रेतीचा साचाच थेट छापणारी यंत्रेही आहेत. रेतीच्या थरावर चिकट द्रव हव्या तेथेच शिंपडून ती साचा बांधत जातात.

मग धातू नेहमीच्या रीतीने ओतायचा. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात ओतकामाचे कारखाने आहेत आणि मोटारींचे भाग ओतण्यात ते मुरलेले आहेत. पॅटर्न छापून ओतकाम तिकडून करून घेतले तर कोटीच्या यंत्राची गरज राहत नाही. नगांची संख्या दहा-वीस ते दोन-तीनशे असेल तर ही वाट बहुतेक वेळा परवडते. मूळ भाग ओतीव असेल तर नवा भागही त्याच जातीच्या धातूचा आणि त्याच रीतीचा होतो. त्यामुळे त्याच्या गुणांबद्दल शंका कमी राहतात.

आराखडा कोणाचा?

या तंत्रात गोदामाची जागा संगणकातला आराखडा घेतो. पण तो आराखडा कंपनीकडे असतो. कंपनी म्हणू शकते की तो देता येणार नाही. गाडीचा मालक म्हणेल की तुम्ही भागही देत नाही आणि आराखडाही देत नाही, मग आम्ही करायचे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आराखडा तयार करण्यात कंपनीचे श्रम आणि पैसा गेलेला असतो, आणि चुकीच्या धातूत छापलेल्या भागाने अपघात झाला तर बोट तिच्याकडेही दाखवले जाईल. मालकाची गाडी मात्र एका झाकणावाचून भंगारात जाते.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्या हेही तिच्या विचाराचे क्षेत्र होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात यासाठी एक पोर्टल सुरू झाले. त्याच साली फेब्रुवारीत सरकारने थर चढवून उत्पादन करण्याच्या तंत्राविषयीचे राष्ट्रीय धोरणही जाहीर केले होते. ही दोन पावले वेगवेगळ्या खात्यांतून पडली. आमच्या मते त्यांची सांगड घालावी लागेल. उत्पादन बंद झाल्यावर ठरावीक वर्षांनी पहिल्या दोन गटांतल्या भागांचे आराखडे, धातूचा प्रकार आणि चाचणीची रीत यांसह, मान्यताप्राप्त छपाई केंद्रांना मिळाले, तर "कंपनीने बंद केला" हे वाक्य ऐकून परतावे लागणार नाही. छपाईचे तंत्र तयार असले तरी असा नियम होईपर्यंत त्याचा फायदा पेण-रोह्याच्या गाडीवाल्यापर्यंत पोचणार नाही.

वर्गात करून पाहा

१. पुठ्ठ्याची टेकडी. नकाशावरच्या समोच्च रेषा घेऊन प्रत्येक रेषेचा आकार पुठ्ठ्यातून कापा आणि एकावर एक चिकटवा. टेकडी तयार होते, पण उतारावर पायऱ्या दिसतात. आता निम्म्या जाडीचा पुठ्ठा घेऊन दोन रेषांच्या मध्ये आणखी एक रेषा काढा. पायऱ्या लहान होतील, पण कापण्याचे काम दुप्पट होईल. थर पातळ केला की पार्ट गुळगुळीत होतो आणि वेळ वाढतो, हे यातून हाताला कळते.

२. दोन रेषांची भेट. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर नगांची संख्या आणि उभ्या अक्षावर एकूण खर्च घ्या. डायसाठी ४,००,००० पासून सुरू होणारी, नगामागे २०० ने चढणारी रेषा काढा. छपाईसाठी शून्यापासून, नगामागे १२,००० ने चढणारी. दोन्ही कोठे छेदतात ते वाचा. मग छपाईचा दर ६,००० झाला तर छेदबिंदू कोठे सरकतो ते विद्यार्थ्यांना आधी अंदाजाने सांगू द्या आणि नंतर काढून पाहा.

३. आर्किमिडीजची तपासणी. पार्ट आतून भरीव आहे की पोकळ्यांचा, हे तो न फोडता कसे ओळखाल? वर सांगितलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घनता २.६७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. एक तुकडा हवेत २६७ ग्रॅम आणि पाण्यात बुडवून १६७ ग्रॅम भरला, तर त्याचे घनफळ १०० घन सेंटिमीटर आणि घनता २.६७. तो भरीव आहे. त्याच घनफळाचा दुसरा तुकडा हवेत २६२ आणि पाण्यात १६२ ग्रॅम भरला तर त्याची घनता २.६२. म्हणजे जवळजवळ दोन टक्के जागा पोकळ. धातू छापणाऱ्या कारखान्यांतही ही रीत वापरतात. शाळेत लोखंडी नट, पितळी वजन आणि ॲल्युमिनियमचा तुकडा घेऊन ती करता येईल. तराजूचे पारडे दोऱ्याने टांगून पाण्यात वजन कसे करायचे, हे मुलांनाच शोधून काढू द्यावे.

जमल्यास विद्यार्थ्यांना जवळच्या आय.टी.आय.च्या कार्यशाळेत किंवा एखाद्या गॅरेजमध्ये घेऊन जा. शाफ्ट भरणे आणि टर्निंग करणे ही दोन कामे त्यांना ओळीने दाखवा. मग तेथल्या मेकॅनिकला विचारा की गेल्या वर्षभरात कोणते पार्ट मिळाले नाहीत. त्यांची यादी करून वरच्या तीन गटांत वाटणी करा. कोणता भाग छापावा, कोणता ओतून घ्यावा आणि कोणत्या भागाला हात लावू नये, यावर वर्गात चर्चा चांगली रंगेल.